खुळखुळ्याच्या गावात

फिनिक्सला नव्यानं आलेलं मराठी कुटुंब मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत तीन प्रश्न हमखास विचारतं. उन्हाळा सोसवतो का? किराणा कुठे चांगला मिळतो? आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून: इथे घराजवळ साप येतात म्हणे, खरं का? पहिल्या दोन प्रश्नांना नीट उत्तरं मिळतात. तिसऱ्याला मात्र जो तो आपापली ऐकीव गोष्ट सांगतो, समोरच्याला जेवढं घाबरवायचं तेवढं घाबरवतो आणि श्रीखंडाकडे वळतो. गेली चौदा वर्षं मी साउथ माउंटनच्या दक्षिण पायथ्याशी, अहवाटुकीत राहते. या तिसऱ्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर एकदा कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं बरेच दिवस मनात होतं.

तर हो, येतात. आणि त्यातला जो खरोखर जपून राहण्यासारखा आहे, तो रॅटलस्नेक. आमच्या घरातल्या मुलांनी लहानपणी त्याचं नाव ठेवलं 'खुळखुळ्या'. तेच मी इथे वापरणार आहे.

आधी जागा समजून घेऊ. साउथ माउंटन हे फिनिक्स शहराचं राखीव उद्यान १६,००० एकरांहून मोठं आहे. शहराच्या मालकीचं एवढं मोठं रान अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी सापडेल. डोंगर उघडाबोडका वाटतो, पण जवळ गेलं की सग्वारोचे उंच निवडुंग, पालो वर्देची हिरव्या सालीची झाडं आणि पाऊस पडला की सगळ्या आसमंताला वास देणारी क्रिओसोटची झुडपं दिसतात. डोंगरातून कोरडे ओढे खाली उतरतात. इथे त्यांना वॉश म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस त्यांत फक्त वाळू आणि गोटे असतात. आपल्या वसाहती या ओढ्यांच्या दोन्ही काठांवर वसल्या. रस्ते आखले, ब्लॉकच्या भिंती उभ्या राहिल्या, पण ओढा मात्र होता तिथेच राहिला, कारण पावसाळ्यात येणारं पाणी त्यातूनच जायला हवं. तोच ससे, लाव्हे, कायोटी आणि साप यांचा हमरस्ता. आपण म्हणतो साप आमच्या अंगणात आला. सापाकडून पाहिलं तर अंगणच त्याच्या वाटेवर आलं आहे.

शिवाय आपण त्याला लागेल ते सगळं पुरवतो. एप्रिल-मे सरला की इथली जमीन तव्यासारखी तापते. २०२३ साली सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होतं. अशा उन्हात उघड्यावर राहिला तर खुळखुळ्या मरतो. त्याला सावली हवी, गारवा हवा आणि भक्ष्य हवं. आपल्या अंगणात ठिबक सिंचनाच्या गळक्या नळीखाली ओल असते, घाणेरीच्या, म्हणजे लँटानाच्या, दाट झुडपाखाली सावली असते, आणि पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांचा सडा पडून उंदीर माजलेले असतात. एवढी सरबराई केल्यावर पाहुणा येणारच.

अ‍ॅरिझोनात रॅटलस्नेकच्या १३ जाती आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतक्या नाहीत. त्यातल्या एका छोट्या, डोंगरात राहणाऱ्या जातीला राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी म्हणून मानही मिळाला आहे. पण आपल्या वसाहतींत भेटतो तो बहुतेक वेळा वेस्टर्न डायमंडबॅक. धुळकट राखाडी-तपकिरी अंग, पाठीवर शंकरपाळ्यासारखे चौकटीचे ठिपके, आणि शेपटीवर खुळखुळ्याच्या अलीकडे काळे-पांढरे पट्टे, साधारण सारख्याच रुंदीचे. याचाच एक भाऊबंद मोहावी. त्याच्या शेपटीवरचे पांढरे पट्टे काळ्यांपेक्षा रुंद असतात, अंगावर किंचित हिरवट झाक असते, आणि काही भागांतल्या मोहावीचं विष मज्जासंस्थेवरही चालतं. डोंगरातल्या खडकांत खडकाच्याच रंगाचा स्पेकल्ड असतो. सपाट वाळूत तिरका तिरका सरकणारा साइडवाइंडर असतो. घरगुती माणसानं हे सगळे भेद पाठ करायची गरज नाही. जाड अंग, बारीक मान, रुंद त्रिकोणी डोकं आणि बोथट शेपटीला खुळखुळा, एवढं दिसलं की पुरे. खरं तर एवढंही निरखायला जवळ जाऊ नये.

आपल्याकडचं कुणी या कुळातलं आहे का? आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात हिरवा चापडा असतो, तो याचा चुलत भाऊ. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो. त्या खळग्यानं त्यांना उष्णता 'दिसते'. काळोखात उंदीर कुठे बसला आहे, हे त्याच्या अंगाच्या उबेवरून कळतं. घोणस आणि फुरसं हे जरा लांबचे नातेवाईक. त्यांना हा खळगा नसतो. नाग आणि मण्यार तर वेगळ्याच घराण्यातले.

आणि इथेच आपल्या मराठी डोळ्यांची फसगत होते. आपण लहानपणापासून साप ओळखायला शिकलो ते तिकडचे. फणा काढला की नाग, काळ्या अंगावर पांढरे पट्टे दिसले की मण्यार. इथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक सुंदर साप अंगणात फिरतो, किंगस्नेक. आपल्या माणसाला तो बघताक्षणी मण्यार वाटतो आणि तो फावडं शोधायला धावतो. हा साप बिनविषारी तर आहेच, वर तो रॅटलस्नेकला खातो. रॅटलस्नेकच्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे घरचा राखणदारच आपण मारायला निघालो. दुसरा असाच बिचारा गोफर स्नेक. लांबलचक, पिवळसर, तपकिरी ठिपक्यांचा. घाबरला की डोकं चपटं करतो, जोरात फूत्कारतो आणि शेपटी वाळक्या पानांत थरथरवून खुळखुळ्याचा आवाज काढायचा प्रयत्न करतो. नक्कल बरी असते, पण शेपटी टोकदार असते, तिला खुळखुळा नसतो. तो उंदीर खातो आणि आपल्या धामणीसारखाच उपकारी आहे.

याउलट खरा खुळखुळ्या दगडांच्या रांगेत वेटोळं करून पडला असेल तर दिसतही नाही. वेदान्तात दोरीवर सापाचा भास होतो. इथे सापावर दोरीचा, ठिबकच्या नळीचा, वाळक्या फांदीचा भास होतो, आणि तो भास महागात पडतो. साप म्हणून भुई धोपटणारे आपल्यात पुष्कळ भेटतात. भुई समजून सापावर पाय ठेवू नये, हे इथे शिकावं लागतं.

आता त्या खुळखुळ्याविषयी. तो आपल्या नखांच्याच द्रव्याचा, केराटिनचा असतो. पोकळ, एकमेकांत सैल अडकलेल्या कड्या. साप शेपटी सेकंदाला पन्नासाहून अधिक वेळा हलवतो आणि त्या कड्या एकमेकींवर आपटतात. कड्या मोजून वय कळतं, ही समजूत खोटी. दर वेळी कात टाकली की एक कडी वाढते, वर्षात कात अनेकदा टाकली जाते, आणि जुन्या कड्या तुटून पडतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला एकच बोंड असतं, त्यामुळे त्याला वाजवताच येत नाही. पिल्लं मोठ्यांपेक्षा जास्त घातक, असंही आपल्यात छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं नाही. मोठ्या सापाकडे विष जास्त असतं. पण पिल्लू आवाज देत नाही आणि सहज नजरेत येत नाही, म्हणून त्याच्यापासून जपायचं.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही की खुळखुळ्या वाजेलच, असा भरवसा धरू नये. त्याचा पहिला बचाव म्हणजे गप्प पडून राहणं. धोका फार जवळ आला तरच तो वाजतो. आणि तो वाजला तरी ऐकू येईलच, असं नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही.

माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातले. कातळावर वाढलेले. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं असतं, दगड उचलताना आधी काठीनं उलटवावा, रात्री पाय आपटत चालावं, 'साप' हा शब्द दिवेलागणीनंतर उच्चारू नये, 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणावं, या शिस्तीत त्यांचं बालपण गेलं. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं, तो त्यांनी मला तोंडानं काढून दाखवला आहे. गेल्या वर्षी ते ऑगस्टमध्ये आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. वय ७६. ऐकू कमी येतं. कानाला यंत्र आहे, पण घरात ते बहुधा चष्म्याच्या घरात पडलेलं असतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. पाऊस नुकताच शिंपडून गेला होता. बाबा मागच्या अंगणात झारीनं तुळशीला पाणी घालायला निघाले होते. मी स्वयंपाकघराचं सरकतं दार उघडलं आणि मला आवाज आला. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांना वाटतं की लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखा असेल. तसा नसतो. प्रेशर कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तसा सलग, कोरडा सुस्कारा. तुळशीच्या कुंडीच्या सावलीत तो वेटोळं घालून, मान उचलून बसला होता. बाबा त्याच्यापासून चार-पाच फुटांवर, पायात सपाता, आणि शांतपणे पुढे चालले होते. त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

हाक मारून उपयोग नव्हता. मी धावत त्यांच्या अंगावर गेले असते तर ते दचकून कुठल्या दिशेला सरकले असते कोण जाणे. मी दारातून दोन पावलं बाजूला, त्यांच्या नजरेसमोर येईन अशी झाले, आणि हाताचा पंजा उभा धरला. बाबा थांबले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. मग त्यांना तो दिसला. झारी खाली न ठेवता ते सरळ मागे सरकले, एक पाऊल, दुसरं, तिसरं. सहा-सात पावलांवर पोचले, आणि आवाज थांबला.

"वाजत होता का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते काही बोलले नाहीत. घरात जाऊन चष्म्याचं घर उघडून त्यांनी यंत्र कानात घातलं.

मला नंतर कळलं की या आवाजाचा मोठा भाग वरच्या पट्टीतला असतो आणि वयानुसार कान जातात तेही आधी वरच्या पट्टीतले. आपल्यापैकी किती तरी जणांकडे आईवडील सहा-सहा महिने येऊन राहतात. पहाटे उठतात, बागेत जातात, फुलं काढतात, सपाता घालून फेरफटका मारतात. म्हणजे साप जेव्हा बाहेर असतो नेमक्या त्याच वेळा. कानांवर त्यांनी विसंबू नये. डोळे, पायात बूट आणि हातात बॅटरी, या तीन गोष्टींवर विसंबावं.

त्या दिवशी पुढे काय केलं ते सांगते, कारण नेमकं तेच करायचं असतं. मुलं आणि कुत्रं घरात घेतलं. आम्ही दोघांनी काचेआडून त्याच्यावर नजर ठेवली, कारण साप नजरेआड झाला की पकडणारा येऊनही करणार काय? फोन करून साप पकडणाऱ्याला बोलावलं. काही गावांत हे काम अग्निशामक दल करतं, काही ठिकाणी पैसे घेणारे खासगी लोक असतात. आपल्या भागात कुणाला बोलवायचं हे आधीच विचारून तो नंबर फ्रिजवर लावून ठेवावा. पाऊण तासानं एक तरुण लांब चिमटा आणि झाकणाची बादली घेऊन आला. मिनिटभरात साप बादलीत. मग त्यानं तो मागच्याच ओढ्यात, काहीशे फुटांवर नेऊन सोडला.

बाबांना हे काही पटेना. "एवढ्या जवळ? तो उद्या परत यायचा." मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, याला दहा मैलांवर नेऊन सोडलं तर याला ना बीळ माहीत, ना पाणी, ना सावली. भटकत भटकत बहुतेक मरतोच. शिवाय इथली जागा रिकामी झाली की दुसरा येतो. "तुमच्या घरात सावली आणि उंदीर आहेत तोवर कोणीतरी येणारच. त्याला नाही, घराला बदला." बाबांनी मान डोलावली. रत्नागिरीत इंग्रजांच्या काळात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळायचं, हे त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. ते म्हणाले, "ढिगांनी मारली. तरी कातळावर फुरशी आहेतच."

मारू नये, याचं अगदी व्यवहारी कारणही आहे. फावडं घेऊन मारायला गेलेला किंवा धीट होऊन हाताळायला गेलेला माणूसच अनेकदा चावून घेतो. साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या अंतरापर्यंत झेप घेऊ शकतो. सहा फूट अंतर ठेवलं की माणूस सुरक्षित. आणि धडावेगळं केलेलं डोकंही बराच वेळ चावू शकतं, विष सोडू शकतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी एक गोष्ट सांगितली. माझ्या एका काकांचा फोटो गावच्या घरात आहे, दहा-अकरा वर्षांचा मुलगा. 'लहानपणी गेला' एवढंच आम्हाला माहीत होतं. पावसाळ्यात सगळी भावंडं जमिनीवर वाकळेत झोपली होती. पहाटे तो उठला आणि म्हणाला, पोटात दुखतं. पापण्या जड झाल्या. कुठे काही चावल्याची खूणही दिसेना. मांत्रिकाला बोलावलं. "पान लागलंय," तो म्हणाला. दुपारपर्यंत सगळं संपलं. मण्यार असणार, बाबा म्हणाले, हे पुढे मोठेपणी समजलं. तेव्हाही परळच्या हाफकिनमध्ये सर्पविषावरचं औषध तयार होत होतं. पण आमच्या वाडीपासून परळ फार लांब होतं. तालुक्याचा दवाखानाही लांबच होता, मध्ये नदी होती आणि नदीला पूर होता.

सत्तर वर्षांनी बाबांनी हे पहिल्यांदा सांगितलं. आणि मग ते म्हणाले, "इथे कुणाला लागलं तर काय करतात ते मला नीट सांग."

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. चावल्यावर सापापासून दूर व्हायचं. ९११ ला फोन करायचा. विषबाधेसाठी देशभर चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक आहे, १-८००-२२२-१२२२, तिथेही सल्ला मिळतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, घट्ट मोजे लगेच काढायचे, कारण सूज भराभर चढते. चावलेला हात किंवा पाय न हलवता साधारण हृदयाच्या पातळीला ठेवायचा. शक्य तेवढं शांत बसायचं. आणि काय करायचं नाही, ही यादी त्याहून महत्त्वाची: दोरी आवळायची नाही, ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं किंवा कुठल्या पंपानं विष ओढायचं नाही, बर्फ लावायचा नाही, दारू पाजायची नाही. साप पकडून दवाखान्यात न्यायचा नाही. इथलं औषध सगळ्या रॅटलस्नेकवर चालतं, जात कळली नाही म्हणून काही अडत नाही. काही दंशांत साप विष सोडतच नाही, पण हे घरी बसून ठरवता येत नाही. म्हणून दंश झाला की रुग्णालय, दुसरा विचार नाही.

आमच्या ओळखीतल्या एका तरुणाला दोन वर्षांपूर्वी चावला. रविवारचं क्रिकेट, चेंडू लँटानाच्या झुडपात गेला, यानं न बघता हात घातला. उजव्या हाताचं मधलं बोट. वीस मिनिटांत तो रुग्णालयात होता. तिथे नर्सनं हातावर पेनानं सुजेची कड आखली आणि बाजूला वेळ लिहिली. दर थोड्या वेळानं नवी रेघ. मनगट, मग कोपर, मग कोपराच्या वर. औषधाच्या कुप्या शिरेतून चालू होत्या. ते औषध मेंढ्यांच्या किंवा घोड्यांच्या रक्तातून तयार करतात. त्यांना विषाची अगदी थोडी मात्रा देऊन प्रतिपिंडं तयार करवतात. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. पण रक्त गोठण्याची क्रिया काही दिवसांनी पुन्हा बिघडू शकते, म्हणून पुढे दोन-तीनदा तपासणीला बोलावलं. बोट वाचलं. अजून पूर्ण वळत नाही, मोदकाची कळी पाडता येत नाही, असं तो हसत सांगतो. बिलाचा आकडा सांगताना मात्र हसत नाही. एकेका कुपीला हजारो डॉलर पडतात आणि कुप्या लागतात अनेक. विमा होता म्हणून निभावलं. तेव्हा ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांनी त्यांच्या प्रवासी विम्यात असे उपचार बसतात का, ते तिकीट काढतानाच वाचावं.

अमेरिकेत दर वर्षी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतले साधारण पाच जण दगावतात. भारतात एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली, म्हणजे वर्षाला ५८,००० च्या आसपास. इथले साप काही दयाळू नाहीत. सापांच्या जाती वेगळ्या हे खरं, पण इथे माणूस पलंगावर झोपतो, बूट घालतो, शेतात अनवाणी राबत नाही, आणि वीस मिनिटांत रुग्णालयात पोचतो. माझ्या काकांच्या आणि त्या क्रिकेटवाल्याच्या मध्ये एवढंच अंतर आहे. भारतातल्या सरकारी दवाखान्यांत हे औषध मोफत मिळतं. प्रश्न किमतीचा कमी आणि वेळेत पोचण्याचा जास्त. गावाकडे देणगी पाठवताना देवळाच्या कळसाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीचाही विचार करावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

'घराला बदला' म्हणजे काय, ते आम्ही पुढच्या दोन आठवड्यांत केलं. लँटाना जमिनीपासून फूटभर वर छाटली. पक्ष्यांचे दाणे बंद केले. लाकडाचा आणि विटांचा ढीग हलवला. ठिबकची गळती दुरुस्त केली. बाजूच्या फाटकाखाली दीड इंचाची फट होती, तिला रबरी पट्टी लावली. पाव इंचाहून मोठ्या फटीतून पिल्लू आत येतं. गॅरेजच्या दाराखालचं रबर बदललं. ज्यांचं कुंपण लोखंडी गजांचं आहे त्यांनी पाव इंची भोकांची जाळी तीन फूट उंच लावून तळ जमिनीत पुरावा. डांबरगोळ्या, गंधक, बाजारातली साप पळवणारी पावडर यांवर पैसे घालवू नयेत. साप त्यांना जुमानत नाही. कुत्रं असेल तर सापाचा वास आणि आवाज ओळखून लांब राहायचं शिकवणारे वर्ग इथे वसंतात भरतात, तिथे न्यावं. ट्रेलवर जाताना वाटेच्या मधून चालावं, कानांतली गाणी बंद ठेवावीत, हात-पाय डोळ्यांना दिसेल तिथेच ठेवावेत.

मोसम कोणता? मार्च ते मे दिवसाउजेडी, कडक उन्हाळ्यात रात्री, आणि जुलै ते सप्टेंबरच्या पावसात सर्वांत जास्त. पिल्लंही याच सुमाराला जन्मतात. अंड्यांतून नाही, जिवंत. आई पहिली कात टाकेपर्यंत आठ-दहा दिवस त्यांच्याजवळ थांबते. हे वाचल्यावर मला आपला श्रावण आठवला. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही. ऐन पावसात बिळांत पाणी शिरून साप बाहेर आलेले असताना माणसानं त्या दिवसापुरतं तरी त्यांच्या वाटेला जायचं नाही. आपल्या उत्तरेला हॉपी लोकांचा पावसासाठीचा सर्पविधीही ऑगस्टमधलाच. त्यातही रॅटलस्नेकना मान आहे, आणि विधी संपल्यावर ते पुन्हा रानात सोडले जातात. बाहेरच्यांना तो आता बघता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दोन वेगळ्या खंडांतल्या, पावसाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांनी सापाशी एकाच महिन्यात सलोखा करावा, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

दिवाळीत इथली हवा सुखाची होते. दिवस नव्वदीच्या खाली येतात आणि साप हिवाळ्याच्या बिळाकडे परतू लागतात. पण परतताना ते बाहेरच असतात. म्हणून एवढं करा. पणत्या लावायला अंगणात जाण्याआधी बाहेरचा दिवा लावा. रांगोळी काढायला उकिडवं बसण्याआधी कुंड्यांच्या मागे, पायरीच्या कोपऱ्यात एकदा बॅटरी फिरवा. फटाक्यांच्या ढीगभर पाहुण्यांच्या चपला ओट्यावर असतात, त्या मुलांनी घालण्याआधी झटका. आजी-आजोबांना कानात यंत्र घालायला सांगा. आणि कुंडीमागे तो दिसलाच, तर सहा फूट मागे सरा, त्याला नजरेत ठेवा आणि फोन करा. तोही घरीच निघालेला असतो.